कट्टा आधी स्वतःशी जुळतो का?

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अलीकडेच वकिली सुरू केलेल्या एका तरुणाने विचारलं आहे: दोन खटल्यांतले सी.ए. रिपोर्ट (केमिकल अ‍ॅनालायझरचे, म्हणजे न्यायसहायक प्रयोगशाळेचे) समोर आहेत. एकात म्हटलंय, मृताच्या शरीरातून काढलेली गोळी जप्त केलेल्या ७.६५ मिमीच्या पिस्तुलातूनच झाडली गेली. दुसऱ्यात देशी कट्टा जप्त आहे, गोळीही आहे, तरी शेरा आहे ‘निश्चित मत देता येत नाही’. गोळी जुळवणं म्हणजे बोटांच्या ठशासारखंच ना? मग एकात जमलं ते दुसऱ्यात का नाही? प्रयोगशाळेने काम टाळलं, असं उलटतपासात म्हणता येईल का?

म्हणता येईल, पण साक्षीदार तयारीचा असला तर ते तुमच्यावरच उलटेल. ‘मत देता येत नाही’ या एका ओळीमागे पुष्कळदा ‘जुळली’पेक्षा जास्त तास गेलेले असतात. बॅलिस्टिक्सच्या, म्हणजे हत्यारं आणि गोळ्या तपासण्याच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहितो. तुम्ही फिर्यादी पक्षाकडून उभे आहात की आरोपीकडून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बरंच झालं. उत्तर दोघांनाही तेच आहे.

बोटांच्या ठशाची गोष्ट आधी डोक्यातून काढा. बोटावरच्या रेषा जन्मभर तशाच राहतात, नळी तशी राहत नाही. प्रत्येक फैरीला ती किंचित झिजते, पडून राहिली तर गंजते, कोणी सळईला चिंधी बांधून साफ केली तर घासली जाते. शिवाय गोळीही तिच्यातून दर वेळी तंतोतंत सारखी जात नाही. म्हणून ‘ही गोळी या पिस्तुलाची आहे का’ हा आमचा पहिला प्रश्न नसतोच. पहिला प्रश्न असतो, हे हत्यार स्वतःशी तरी जुळतं का? आम्ही स्वतः त्यातून दोन-तीन गोळ्या झाडल्या, तर त्यांच्यावरच्या खुणा एकमेकींशी जुळतात का? ज्या हत्याराची चाल ठरलेली आहे त्याच्याबद्दल काही सांगता येतं. जे दर फैरीला वेगळं वागतं त्याच्याबद्दल कितीही मोठा तज्ज्ञ आणा, तो काय सांगणार? तुमच्या दोन रिपोर्टांतला फरक बहुधा इथेच आहे.

खुणा येतात कशा, ते बघू. कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाच्या किंवा रायफलच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. खोलगट भाग तो ग्रूव्ह, दोन ग्रूव्हमधला उंच भाग ती लँड. समोरासमोरच्या लँडमधल्या अंतरापेक्षा गोळी किंचित जाड असते. दारूच्या दाबाने ती पुढे ढकलली जाते तेव्हा लँड तिच्या अंगात रुततात आणि तिला पिळाबरोबर फिरवतात. या फिरण्यामुळेच ती हवेत सरळ जाते. खाचा किती, पीळ उजवा की डावा, लँड किती रुंद, हे सगळं कारखान्याने ठरवलेलं. कोल्टची पारंपरिक हत्यारं घ्या, सहा खाचा आणि डावा पीळ. स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्व्हरं, पाच आणि उजवा. ही वर्गलक्षणं. ती जुळली म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण त्या मॉडेलच्या प्रत्येक नळीत ती तशीच असणार. पण ती जुळली नाहीत तर विषय तिथेच संपला. पाच उजव्या खाचांची गोळी सहा डाव्या खाचांच्या नळीतून येऊ शकत नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शक चालू करायचीही गरज नाही.

गोळी चेपून ओळखीपलीकडे गेली असेल तर आधी तराजू. ७.६५ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, ९ मिमीची साडेसातच्या आसपास. हाडावर आपटून, जॅकेटचा (शिशावरच्या कडक धातूच्या कवचाचा) तुकडा उडून ती हलकी होईल, भारी होणार नाही. सहा ग्रॅम भरलेला शिशाचा गोळा ७.६५ चा आहे असं कोणी सांगू लागला तर त्याला खुशाल घरी पाठवा.

खरी ओळख याच्या खालच्या पातळीवर असते. सुताराच्या रंध्याच्या पात्याची धार एका जागी तुटली की त्याने तासलेल्या प्रत्येक फळीवर त्याच जागी एक बारीक उंचवटा उरतो. नळीत खाचा पाडणाऱ्या हत्याराच्या धारेचंही तसंच. कापता कापता ती झिजते, मध्ये लोखंडाचा कीस अडकतो, आणि लँडच्या अंगावर सूक्ष्म ओरखडे उरतात. वापराने, गंजाने त्यात भर पडते. गोळी त्यावरून घासत गेली की तिच्या अंगावर समांतर रेघा उठतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजाव्या इतक्या बारीक. ज्यांच्या नळीत कडा असलेल्या खाचांऐवजी गोलसर बहुकोनी पीळ असतो, अशी ग्लॉकसारखी पिस्तुलं या बाबतीत कंजूष, गोळीवर फारसं काही सोडत नाहीत.

आता टेस्ट फायर. झाडलेली गोळी शाबूत परत मिळायला हवी, म्हणून ती पाण्याच्या लांब टाकीत किंवा कापूस भरलेल्या पेटीत झाडायची. बिनजॅकेटच्या शिशाच्या गोळीला कापूस घासतो, बारीक रेघा पुसतो, तिथे पाणीच बरं. काडतूस शक्यतो त्याच बनावटीचं हवं. घटनास्थळावरच्या पुंगळीच्या (गोळी सुटल्यावर उरलेल्या काडतुसाच्या रिकाम्या नळकांडीच्या) बुडावर ‘केएफ’ कोरलेलं असेल, म्हणजे खडकीच्या कारखान्याचा माल असेल, तर टेस्टलाही तोच वापरायचा. जॅकेटचा धातू मऊ-कडक झाला की खुणा कमी-जास्त उमटतात, आणि मग फरक हत्याराचा की काडतुसाचा, हे कळत नाही. नळी गंजलेली असेल तर पहिली फैर गंज झाडण्यातच जाते, म्हणून एकीवर कधी थांबायचं नाही. देशी कट्टा तर हातात धरून झाडायचाच नाही. शिकंज्यात आवळायचा, खटक्याला दोरी बांधायची आणि सगळ्यांनी आडोशाला जायचं. नळी फाटते, मागची खीळ उडते. ज्या हत्याराने समोरच्याला मारायचं त्याने धरणाऱ्याचाच पंजा नेला, अशी उदाहरणं आमच्या धंद्यात नवी नाहीत.

तुलनात्मक सूक्ष्मदर्शक म्हणजे दोन सूक्ष्मदर्शक वरून एका पुलाने जोडलेले. डोळा लावला की एकच वर्तुळ दिसतं, मधोमध उभी बारीक रेघ, तिच्या दोन बाजूंना दोन गोळ्या. सुरुवातीला दोन्ही बाजूंना टेस्टच्याच गोळ्या लावायच्या. त्या जुळल्या तर एक बाजू काढून तिथे वादातली गोळी. प्रकाश वरून पाडला तर सगळं सपाट चकाकतं, काही दिसत नाही. दिवा बाजूला नेऊन अगदी तिरपा करायचा, की रेघांच्या सावल्या पडतात आणि गुळगुळीत वाटणाऱ्या तांबूस धातूवर नांगरट उमटते. नजर गोळीच्या बुडाजवळच्या लँडच्या ठशावर ठेवायची, नाकाकडे नाही. बुडाकडचा भाग नळीला शेवटपर्यंत घासत जातो आणि आदळल्यावर सर्वांत कमी बिघडतो. समजा डावीकडे एक जाड रेघ आहे, तिला लागून दोन केसासारख्या, मग थोडी मोकळी जागा, मग तीन दाटीवाटीने. उजवीकडची गोळी अंशाअंशाने फिरवत राहायची. एका क्षणी डावीकडची जाड रेघ मधली सीमा ओलांडून उजवीकडे तशीच पुढे जाते, मागोमाग त्या दोन जातात, मोकळी जागा जुळते, तिन्ही बसतात. नवा माणूस इथे खुर्चीतून उठतो. जुना उठत नाही. तो दोन्ही गोळ्या एकाच वेळी पुढच्या लँडवर फिरवतो. जुळणी खरी असेल तर तिथेही काहीतरी बसतं, त्याच्या पुढच्यातही. एका लँडमध्ये सुरेख आणि बाकी पाचांत शुकशुकाट असेल, तर संशय घ्यायचा.

किती रेघा जुळल्या म्हणजे जुळलं? हा प्रश्न न्यायालयात हमखास येतो आणि टक्केवारी मागितली जाते. अल्फ्रेड बायसॉटी नावाच्या अमेरिकन परीक्षकाने १९५९ साली .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरांवर हे मोजलं. एकाच रिव्हॉल्व्हरच्या शिशाच्या दोन गोळ्यांत ३६ ते ३८ टक्के रेघा जुळल्या, जॅकेटच्या गोळ्यांत २१ ते २४. आणि वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरांच्या गोळ्यांत? तिथेही १५ ते २० टक्के जुळल्याच. म्हणजे जॅकेटच्या बाबतीत खऱ्या आणि खोट्या जुळणीत टक्क्यांचं अंतर जवळजवळ काहीच नाही. बायसॉटींना फरक दिसला तो सलगतेत. वेगळ्या हत्यारांच्या रेघा सुट्या सुट्या, योगायोगाने जुळतात, एकाच हत्याराच्या रेघा शेजारीशेजारी ओळीने जुळतात. त्यावरून १९९७ मध्ये त्यांनी आणि मर्डॉक या दुसऱ्या परीक्षकाने किमान निकष मांडले. रेघांना खोली असेल तर सलग तीन-तीनचे दोन स्वतंत्र गट किंवा सलग सहाचा एक, आणि रेघा नुसत्या वरवरच्या असतील तर पाच-पाचचे दोन किंवा सलग आठचा एक. सगळेच परीक्षक असं मोजत नाहीत. बरेच जण नमुना बघून, सवयीच्या डोळ्याने ठरवतात. मला मोजणं आवडायचं. वर्कशीटवर आकडा असला की पाच वर्षांनी साक्षीला उभं राहिल्यावर आठवणीवर विसंबावं लागत नाही.

आता तुमचा कट्टा.

नागपुरात गुन्ह्यात वापरलेलं हत्यार परवान्याचं क्वचितच असतं. खरगोन-बुऱ्हाणपूरकडून आलेलं, नाहीतर थेट मुंगेरचं. ज्याला वस्तीत सगळे माउझर म्हणतात ते मॅगझीनचं ७.६५ चं पिस्तूल यात जरा बरं. काहींच्या नळीत खरा पीळ असतो, काहींच्या नळीत पिळाचं सोंग. एकेरी कट्टा मात्र साधा नळाचा तुकडा. .३१५ चं रायफलचं काडतूस त्यात घालतात, पुंगळीच्या बुडावर ‘८ मिमी’ आणि ‘केएफ’ लिहिलेलं ते. नळ गोळीपेक्षा सैल, आत पीळ नाही. गोळी आत डगमगत, एकदा या भिंतीला एकदा त्या भिंतीला घासत बाहेर पडते आणि हवेत कोलांट्या खात आडवी जाऊन लागते. शवविच्छेदनात गोल भोकाऐवजी लांबट जखम दिसते ती यामुळेच. अशा कट्ट्यातून तीन टेस्ट झाडा. पहिल्या गोळीच्या उजव्या अंगावर ओरखडे, दुसरीच्या नाकापाशी, तिसरीवर जवळजवळ काही नाही. ज्या कट्ट्याच्या स्वतःच्या तीन गोळ्या एकमेकींना ओळख देत नाहीत, त्याची चौथी गोळी मृताच्या छातीतून निघाली की नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ‘निश्चित मत देता येत नाही’ हे तिथलं खरं उत्तर. ‘जुळत नाही’ असं लिहिणंही चूक ठरलं असतं, कारण त्याने कट्टा निर्दोष सुटतो.

मग हात टेकायचे? नाही, पुंगळी बघायची. फैर झडते तेव्हा गोळी पुढे जाते आणि पुंगळी तेवढ्याच जोराने मागच्या पोलादावर आपटते. पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी म्हणजे प्राइमर; तिचा मऊ धातू त्या पोलादाचा ठसा घेतो. कारखान्याच्या पिस्तुलात तो पृष्ठभाग यंत्राने तासलेला असतो, कट्ट्यात कानशीने. सूक्ष्मदर्शकाखाली कट्ट्याची पुंगळी बघण्यासारखी असते. प्राइमरवर आडव्या-तिरप्या कानशीच्या रेघा, एकीवर एक चढलेल्या. प्राइमरवर आपटणाऱ्या पिनचा खड्डा मध्यावर नसून एका कडेला सरकलेला, कारण भोक हातड्रिलने पाडलेलं. पिन म्हणून घासून टोकदार केलेला खिळा असेल, तर खड्ड्याच्या तळाशी त्या घासणीचीही नक्षी. आणि भोक पिनेपेक्षा मोठं असल्याने प्राइमरचा धातू त्यात फुगून आलेला, त्याची कड एका बाजूला दुमडलेली. दुसरी टेस्ट घ्या, तिसरी घ्या, हे सगळं त्याच जागी. हाताने कानस चालवणारा माणूस ठरवूनही दोनदा तोच पृष्ठभाग करू शकत नाही. म्हणजे गोळीच्या बाबतीत सर्वांत मुका असलेला कट्टा पुंगळीच्या बाबतीत परवान्याच्या पिस्तुलापेक्षाही बोलका असतो. हे काही माझं म्हणणं नाही. १९५८ सालच्या कलुआ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली, त्यात मृताच्या खाटेजवळ सापडलेलं काडतूस आणि आरोपीने काढून दिलेलं देशी पिस्तूल यांची तज्ज्ञाने केलेली जुळणीच महत्त्वाची ठरली. मिळवून वाचा.

पण इथे एक खोच आहे, ती वकिलांच्या नजरेतून पुष्कळदा सुटते. मॅगझीनचं पिस्तूल प्रत्येक फैरीला पुंगळी बाहेर फेकतं, ती घटनास्थळी सापडते. रिव्हॉल्व्हर आणि कट्टा फेकत नाहीत, पुंगळी आतच राहते. आरोपीकडून जप्त केलेल्या कट्ट्यातच पुंगळी निघाली आणि रिपोर्ट म्हणतो ‘ही पुंगळी याच कट्ट्यातून झाडली’, तर त्यात नवल काय? त्याने कट्ट्याचा घटनास्थळाशी काहीच संबंध लागत नाही. पुंगळी रस्त्यावर, घटनास्थळाच्या पंचनाम्यात, आणि कट्टा आरोपीकडे, असं असेल तरच ती जुळणी पुराव्याचं वजन घेते. तुमच्या दुसऱ्या खटल्यात पुंगळी मिळाली का, आणि मिळाली तर कोणत्या पंचनाम्यात आहे, हे रिपोर्टाच्या आधी बघा.

बारा बोअरच्या बंदुकीचे छर्रे कोणत्याच नळीशी जुळवता येत नाहीत. तिथेही सगळा भरवसा पुंगळीवर. आणि गडचिरोलीकडून यायच्या त्या भरमार बंदुका: तोंडाकडून दारू ठासायची, आत लोखंडाचे तुकडे, पुंगळीच नाही. त्यांच्याबद्दल हत्यार चालू स्थितीत आहे आणि त्यातून फैर झडलेली आहे, एवढंच सांगता येतं. कोणत्या दिवशी झडली, हे भरमारच काय, कोणत्याच हत्याराबद्दल सांगता येत नाही. नळीतला दारूचा अंश शेवटच्या साफसफाईनंतर ती वापरली गेली इतकंच सांगतो, तारीख सांगत नाही.

हत्यार मिळालंच नाही तर काम थांबतं, असा एक समज आहे. थांबत नाही. दोन घटनास्थळांवरच्या गोळ्या किंवा पुंगळ्या एकमेकींशी लावून बघता येतात. २०१५ मधला कलबुर्गींचा आणि २०१७ मधला गौरी लंकेश यांचा खून एकाच ७.६५ च्या पिस्तुलाने झाला, असं कर्नाटकच्या विशेष तपास पथकाने याच पद्धतीच्या तपासणीवरून म्हटलं. उलट दिशेचं उदाहरण जेसिका लाल प्रकरणातलं. पिस्तूल हाती लागलं नाही, .२२ च्या दोन पुंगळ्या होत्या, आणि त्या एकाच हत्याराच्या की दोन वेगळ्या, हा वाद २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला.

फसवणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. एकाच ब्रोचने (नळीत खाचा कापणाऱ्या दातेरी हत्याराने) लागोपाठ कापलेल्या नळ्यांत काही खुणा सगळ्यांत सारख्या उतरतात, कारण त्या त्या ब्रोचच्या असतात, नळीच्या नव्हे. दिसायला त्या अगदी वैयक्तिक वाटतात. म्हणून लँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न बदलता जाणाऱ्या ठळक रेघांवर मी कधी एकट्याने विश्वास टाकला नाही. नळीचा साचा घेऊन ती रेघ कुठे सुरू होते, कुठे संपते ते बघायचं. एका वर्कशॉपमध्ये एकाच साच्यावर बनलेल्या दहा ‘माउझर’च्या बाबतीतही हाच विचार करायचा.

या शास्त्रावर शंका घेणारे आहेत, आणि ते वेडे नाहीत. १९१५ साली न्यूयॉर्क राज्यात चार्ल्स स्टीलो नावाच्या शेतमजुराला दुहेरी खुनात मृत्युदंड झाला. हॅमिल्टन नावाच्या स्वयंघोषित तज्ज्ञाने त्याच्या .२२ रिव्हॉल्व्हरच्या नळीत नऊ खुणा आहेत आणि गोळ्यांवर तशाच नऊ आहेत, असं शपथेवर सांगितलं. पुढे नीट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्या खुणा नव्हत्याच. १९१८ मध्ये स्टीलो सुटला. त्या फेरतपासात चार्ल्स वेट होते. त्यांनीच पुढे कॅल्विन गोडार्ड आणि फिलिप ग्रॅव्हेल यांच्यासोबत न्यूयॉर्कला पहिली बॅलिस्टिक्स संस्था उभी केली, आणि गोळ्यांसाठी तुलनात्मक सूक्ष्मदर्शक तिथेच रुळला. १९२९ मधल्या शिकागोच्या व्हॅलेंटाइन डे हत्याकांडातल्या ७० पुंगळ्या दोन थॉम्पसन मशीनगनच्या आहेत, हे गोडार्डनीच दाखवलं. म्हणजे आमच्या विद्येचा जन्मच एका खोट्या जुळणीतून झालेला आहे.

अलीकडचं सांगायचं तर अमेरिकेत २१८ परीक्षकांना पुंगळ्यांचे संच देऊन एक चाचणी झाली, अहवाल २०१४ चा. वेगळ्या पिस्तुलांच्या पुंगळ्या असलेल्या २,१८० तुलनांत २२ वेळा परीक्षकांनी ‘जुळली’ म्हटलं. म्हणजे साधारण १ टक्का. पण ७३५ वेळा त्यांनी ‘सांगता येत नाही’ म्हटलं होतं. ती उत्तरं बाजूला ठेवून हिशेब केला तर चुकीचं प्रमाण ६६ मागे १ होतं. राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये हाच आकडा धरला, आणि असा एकच नीट आखलेला अभ्यास पुरेसा नाही, असं मत दिलं. २०२३ मध्ये मेरिलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने अब्रुका खटल्यात सांगितलं की ‘गोळी याच पिस्तुलातून सुटली’ असं बिनशर्त विधान परीक्षकाला करता येणार नाही. आपल्याकडच्या रिपोर्टातली ठाशीव भाषा मला या कारणाने खटकते. ‘वर्गलक्षणं आणि वैयक्तिक खुणा पुरेशा प्रमाणात जुळतात’ इतकं लिहून आधार जोडावा. जगातल्या दुसऱ्या कोणत्याच नळीतून नाही, हे कोणी तपासलेलं नसतं. जगातल्या सगळ्या नळ्या काय नागपूरच्या धंतोलीतल्या प्रयोगशाळेत येतात? संगणकावर पुंगळ्यांच्या प्रतिमा ताडून बघणाऱ्या यंत्रणा आहेत, अमेरिकेत त्यांचं देशव्यापी जाळं आहे, पण यंत्र संभाव्य उमेदवारांची यादी देतं. शेवटचा निर्णय पुन्हा त्या दुभागलेल्या वर्तुळातच होतो.

प्रयोगशाळेत येण्याआधीच पुरावा किती मरतो, हे मात्र कोणी विचारत नाही. मेडिकल असो की मेयो, नागपूरच्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात गोळी दातेरी चिमट्याने ओढून काढली की तिच्या अंगावर चिमट्याच्या नव्या रेघा उठतात, त्याही नेमक्या लँडवर. बोटांनी किंवा टोकाला रबर चढवलेल्या चिमट्याने काढावी. ओळखखूण करायची तर बुडावर, अंगावर नाही. रक्ताने ओली गोळी तशीच बाटलीत बंद केली तर काही दिवसांत गंजाचे थर चढतात, म्हणून हलक्या हाताने धुवून, वाळवून, मऊ कागदात गुंडाळून डबीत ठेवावी. प्रत्येक गोळी वेगळ्या डबीत. कट्टा मालखान्यात पावसाळाभर पडून राहिला तर नळीचा चेहरामोहराच बदलतो. आणि ठाण्यात कोणी हौसेने ‘चालतो का बघू’ म्हणून एक फैर झाडली, की मग देवच वाली. आता भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. ती मनापासून राबवली तर यातलं निम्मं दुखणं कमी होईल.

साक्षीत काय विचारावं, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. टेस्टच्या फैरी किती झाडल्या आणि त्या एकमेकींशी जुळल्या का? काडतुसं कोणत्या बनावटीची वापरली? किती लँड तपासल्या, किती जुळल्या? वर्कशीट आणि दोन्ही गोळ्या शेजारीशेजारी दाखवणारी जोडछायाचित्रं आहेत का? दुसऱ्या परीक्षकाने स्वतंत्रपणे पाहिलं का, आणि त्याला पहिल्याचं उत्तर आधी माहीत होतं का? छायाचित्र मागा, पण त्यावर सगळा खटला लढू नका, कारण छायाचित्र एका लँडचं असतं आणि मत सगळ्यांचं. पाकिटावरचं लाखेचं सील आणि सोबतच्या नमुन्याचं सील जुळल्याची नोंद रिपोर्टात असते, ती जप्ती पंचनाम्याशी ताडून बघा. सुखवंत सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९९५ च्या निकालात हत्यार आणि काडतूस तज्ज्ञाकडे न पाठवणं फिर्यादी पक्षाला भोवलं होतं. नळी कोणती हे गोळी सांगेल, खटका ओढणारा हात कोणाचा हे ती सांगणार नाही. तो दुवा पंचांनी आणि तपास अधिकाऱ्याने जोडायचा असतो.

तज्ज्ञाचं मत पूर्वी साक्ष अधिनियमाच्या कलम ४५ खाली यायचं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली. रिपोर्ट साक्षीशिवाय वाचण्याची सवलत पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ ऐवजी आता नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे, पण ती त्या कलमात नमूद केलेल्या अधिकाऱ्यांच्या रिपोर्टांपुरती. सही कोणाची, हुद्दा काय, ते बघा. तज्ज्ञाला समन्स काढून बोलवायचं असेल तर अर्ज वेळेत करा. फेरतपासणी मागायची असेल तर मुद्देमालाची विल्हेवाट लागण्याआधी मागा, आणि अर्जात टेस्टच्या गोळ्या-पुंगळ्याही स्पष्ट लिहून मागा. कट्टा मधल्या काळात गंजला असेल, पण कोरड्या डबीत ठेवलेली टेस्टची पुंगळी वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि दुसऱ्या परीक्षकाला तुलनेला तीच लागणार आहे.